बालवर्गाची उंची आणि बाईंची कंबर

गेल्या महिन्यात या सदरात कार्यालयात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यांच्या पाठदुखीविषयी लिहिले होते. त्यावर तासगाव तालुक्यातील एका शिक्षिकेचे पत्र आले आणि त्याचे पहिलेच वाक्य असे होते, ‘तुम्ही खुर्चीचे तोटे सांगितलेत, आम्हाला मात्र बसायला खुर्चीच नाही.’ त्या पत्रासोबत सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून बालवाडी, अंगणवाडी आणि खेळगटात काम करणाऱ्या भगिनींची आणखीही पत्रे आली. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्यांच्यासाठी ठेवले आहे.

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे असून गेली १८ वर्षे मी एका खासगी संस्थेच्या बालवर्गात शिकवते. वर्गात ३२ मुले आहेत. दोन वर्षांपासून कंबर दुखते. सकाळी उठताना ती धरलेली असते, वाकून वर येताना चमक निघते आणि जूनमध्ये नवी मुले आली की दुखणे हमखास बळावते. एमआरआय काढल्यावर ‘मणक्यात गॅप आला आहे, गादी थोडी सरकली आहे’ असे सांगण्यात आले. आठ महिने पट्टा बांधते आहे, तरी फरक नाही. संस्थेत विषय काढला तेव्हा ‘मुलांशी खेळायचे काम, त्यात कसले कष्ट’ असे ऐकावे लागले. घरचे म्हणतात, नोकरी सोड. नोकरी सोडल्याने हे बरे होईल का? (एक शिक्षिका, तासगाव तालुका)

उत्तर : आधी तो ‘गॅप’ बाजूला करू, कारण या एका शब्दाने आपल्या भागात जितक्या बायकांना घाबरवून घरी बसवले आहे, तितके प्रत्यक्ष आजाराने बसवले नसेल. दोन मणक्यांमधील गादी वयाबरोबर सुकते आणि तिची उंची कमी होते. म्हणजे मणक्यांमधले अंतर वाढत नाही, उलट घटते. त्याला गॅप आला असे का म्हणतात, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या आसपासच्या निम्म्या लोकांच्या गाद्या थोड्याफार बाहेर आलेल्या दिसल्या होत्या. तेव्हा तुमच्या अहवालातले वाक्य खोटे नाही, पण तुमच्या दुखण्याचे कारण तेच आहे असे त्यावरून ठरत नाही.

कारण तुमच्या पत्रातच दुसऱ्या ठिकाणी सापडते. सुटीत मे महिनाभर माहेरी होता तेव्हा कंबर जवळजवळ दुखली नाही आणि १५ जूननंतर पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा धरली, असे तुम्ही लिहिले आहे. त्या दोन आठवड्यांत वर्गात काय चालते ते डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाऊस आहे, दारात ओल्या चपला आणि रेनकोट यांचा ढीग आहे, आई दिसेनाशी झाली म्हणून पाच-सहा मुले एकदम रडत आहेत आणि त्यांतले एक तुमच्या कडेवर आहे. तीन वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १२ ते १४ किलो असते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने ओझी उचलण्यासाठी जे ठोकताळे दिले आहेत, त्यांत स्त्रियांसाठी अंगालगत धरून कमरेच्या उंचीवर उचलायच्या वस्तूला सुमारे १६ किलोचा आकडा आहे, पण तीच वस्तू जमिनीलगत हात लांब करून उचलायची असेल तर तो आकडा अवघ्या ३ किलोवर येतो. शिवाय हे आकडे निमूट राहणाऱ्या ओझ्यासाठी आहेत. रडणारे मूल उचलताना मध्येच मागे कलंडते, अंग ताठ करते, पाय झाडते. सिमेंटचे पोते असे काही करत नाही.

उचलण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, नुकसान सततच्या वाकण्याने होते, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले, तेव्हा टेबले, खुर्च्या आणि कपाटे मुलांच्या मापाची करून घेण्याचा त्यांचा विचार बालशिक्षणात फार मोठा बदल घडवणारा ठरला. त्याचा लाभ आपल्या मुलांनाही मिळाला. मात्र त्या खोलीत दिवसभर वावरणाऱ्या मोठ्या माणसाचे माप कोणी घेतले नाही. मुलांच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून जेमतेम २६ ते ३० सेंटीमीटर असते आणि तुम्हाला साधारण ४३ ते ४५ सेंटीमीटरची लागते. तुम्ही त्या खुर्चीवर टेकलात की गुडघे कमरेच्या वर जातात, माकडहाड मागे कलते, कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो आणि तशाच अवस्थेत तुम्ही पुढे वाकून एखाद्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेता. स्नायू आणि गाद्या हा ताण तास-दोन तास मुकाट्याने सोसतात आणि मग तुम्ही एकदम उठून मूल उचलता. चमक तिथे भरते.

म्हणून उपायही त्या खोलीपासूनच सुरू करायला हवेत. बसायचे असेल तर मुलांच्या खुर्चीवर बसू नका. घरातला चौरंग किंवा स्वयंपाकघरातले ३५ सेंटीमीटरच्या आसपासचे स्टूल शाळेत नेऊन ठेवा आणि पाय बाजूंना फाकवून मुलाच्या समोर बसा, शेजारी नको. समोर बसले की कंबर वळवावी लागत नाही. रडणाऱ्या मुलाला उभ्याने वाकून उचलण्याऐवजी स्वतः खाली बसून त्याला मांडीवर घ्या. बहुतेक वेळा त्याला उंची नको असते, कुशी हवी असते. उचलणे अगदीच भाग असेल तेव्हा एक गुडघा जमिनीला टेकवा, मूल छातीशी घट्ट धरा आणि मग उठा, आणि उठताना कमरेतून पिळू नका, पाय टाकून वळा. कडेवर घ्यायची बाजू बदलत राहा. बहुतेक जणी मूल डाव्या कडेवर घेऊन उजव्या हाताने काम उरकतात आणि वर्षानुवर्षे एकच बाजू झिजवतात. दर अर्ध्या तासाने उभे राहून, दोन्ही तळवे कमरेवर ठेवून चार-पाच वेळा हळूहळू मागे वाका. मुलांना हा खेळ म्हणून शिकवलात तर वर्गात वेगळा वेळ काढावा लागणार नाही.

पट्टा आता सोडा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांत समजावून सांगणे आणि व्यायाम यांवर भर आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताणणे, ज्याला आपल्याकडे ट्रॅक्शन म्हणतात, हे नेहमीचे उपचार म्हणून करू नयेत असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आठ महिन्यांची सवय एका दिवसात मोडू नका. रोज तास-दोन तास कमी करत जा आणि त्याच वेळी सपाट रस्त्यावर २० ते ३० मिनिटे चालणे सुरू करा. दुखणे वाढले तर एक-दोन दिवस काम हलके करा, पण अंथरूण धरू नका. गरम पाण्याच्या पिशवीने शेकायला हरकत नाही. पायाळू माणसाकडून पाठीवर पाय लावून घेतला, हेही तुम्ही लिहिले आहे. त्याने बरे वाटले असेल तर माझी तक्रार नाही, कारण उसण बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत आपोआपच उतरते आणि श्रेय त्या दिवशी जो हाती लागेल त्याला मिळते. मात्र औषधाच्या दुकानातून ‘कंबरेची गोळी’ म्हणून सुटी वेदनाशामके महिनोन्‌महिने घेऊ नका. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब या तिन्हींना त्याची किंमत मोजावी लागते.

लघवीवरचा ताबा सुटणे किंवा लघवी अडणे, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणे, पाऊल उचलताना लटके पडणे, ताप किंवा कारणाशिवाय वजन उतरणे, रात्री पडल्या जागी वाढत जाणारी वेदना, यांपैकी काहीही झाले तर हे सदर बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. लघवीची किंवा बधिरपणाची तक्रार असेल तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता.

नोकरी सोडण्याचा प्रश्न राहिला. तुमची कंबर सुटीत शांत राहते, याचा अर्थ ती निकामी झालेली नाही, तिला कामाची पद्धत सोसत नाही. वरचे बदल करून तीन महिने पाहा. ‘त्यात कसले कष्ट’ असे म्हणणाऱ्यांना एक दिवस मुले सुटण्याच्या वेळी वर्गात उभे करा आणि ३२ मुलांच्या सँडलचे पट्टे लावायला सांगा.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे, वय ५० वर्षे. दोन्ही गुडघे दुखतात, उठताना कटकट आवाज येतो आणि जिना उतरताना जास्त त्रास होतो. आमचे सगळे काम जमिनीवर, मुलांची वजने-उंची घेणे असो की आहार वाटणे. दुपारी मोबाइलवर माहिती भरताना मानही अवघडते. मांडी घालून बसणे कायमचे बंद करावे का? (एक सेविका, जत तालुका)

उत्तर : कायमचे नाही, पण सलग बसणे बंद करावे. आपल्या संस्कृतीत जमिनीवर बसणे ही चांगलीच सवय आहे आणि गुडघ्यांची हालचाल टिकायला तिची मदतही होते. त्रास बसण्यात कमी आणि खालून वर येण्यात जास्त आहे. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर वजन टाकून उठताना वाटीमागच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो आणि तुमच्या कामात दिवसातून किती वेळा असे उठावे लागते, हे तुम्हीच मोजून पाहा. उंची मोजायला खाली, नोंद करायला वर, सांडलेले पुसायला खाली, दार वाजले की पुन्हा वर. कामांची मांडणी बदलून खालची कामे एकदम उरका आणि वरची एकदम. वजनाची नोंद मदतनीस ताईंना उभ्याने लिहू द्या आणि तुम्ही खालीच राहा, दुसऱ्या दिवशी अदलाबदल करा. उठताना भिंतीचा, कपाटाचा किंवा स्टुलाचा आधार घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

उकिडवे बसणे आणि कठीण फरशीवर गुडघे टेकणे, या दोन गोष्टी मात्र तुमच्या वयात खरोखर टाळाव्यात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत, दीर्घकाळ गुडघे टेकून काम केल्याने वाटीपुढच्या पिशवीला येणारी सूज आणि गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून काम केल्याने सांध्यातल्या कूर्चेच्या चकतीला होणारी इजा, या दोन्हींची नोंद आहे. ती यादी वाचताना डोळ्यांसमोर खाणकामगार किंवा फरशी बसवणारा गवंडी येतो, शहाबादी फरशीवर गुडघे टेकून खिचडी वाढणारी सेविका येत नाही. गुडघे टेकायचेच झाले तर जुन्या सतरंजीची चौपदरी घडी खाली घ्या.

नुसता आवाज येणे हा आजार नाही, वेदना नसेल तर त्याकडे दुर्लक्ष करावे. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ द्यायला हवे, कारण गुडघ्याचा भार तेच उचलतात. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, खाली आणा, असे प्रत्येक पायाने दहा वेळा आणि दिवसातून दोनदा करा. दोन आठवड्यांनी त्यात खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठण्याची भर घाला. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याचा फायदा वाटतो त्याहून मोठा असतो. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल लोकांच्या पाहणीत एक किलो वजन उतरल्यावर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला आढळला आहे. इंजेक्शनचा विचार हे सारे करून पाहिल्यानंतर आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासल्यानंतरच करावा. गुडघा सुजून गरम लागत असेल, मध्येच अडकत असेल किंवा सकाळचा ताठरपणा तासभर राहून हातांची बोटेही सुजत असतील, तर ते दुखणे कामाचे नसून आमवाताचे असू शकते आणि त्याच्या रक्ततपासण्या वेगळ्या असतात.

मानेसाठी एवढेच करा, की मोबाइल मांडीवर ठेवून माहिती भरू नका. अंगणवाडीची माहिती भरायचे ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइल अ‍ॅप २०२१ मध्ये आले तेव्हापासून अशी मानदुखी घेऊन येणाऱ्या सेविका मी नियमितपणे पाहते आहे. टेबलावर धान्याचा डबा उपडा ठेवून त्याला मोबाइल टेकवला की मान सरळ राहते.

प्रश्न : मी २७ वर्षांची असून खेळगटात शिकवते. मला दहा महिन्यांचे बाळ आहे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला इतके दुखते की कणीक मळताना डोळ्यांत पाणी येते. हा संधिवात आहे का? (एक शिक्षिका, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : वर्णनावरून संधिवात वाटत नाही. अंगठा बाजूला उचलणाऱ्या दोन स्नायूरज्जू मनगटाजवळ एका अरुंद खोबणीतून जातात. त्यांच्या आवरणाला सूज आली की नेमके हेच दुखणे होते. १८९५ साली स्विस शल्यचिकित्सक द कर्व्हँ यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. अंगठा मुठीत घालून मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वाकवल्यावर तिथेच कळ आली तर शंका बळावते. फार जोर मात्र लावू नका. लहान बाळाच्या आयांमध्ये हे नेहमी आढळते आणि तुम्ही तर घरी एक आणि शाळेत वीस मुले उचलता.

मुलाच्या दोन्ही काखांत अंगठे ताणून त्याला वर उचलण्याची जी आपली रीत आहे, ती यामागे असते. त्याऐवजी एक हात त्याच्या कुल्ल्यांखाली आणि दुसरा पाठीमागे घालून, तळवे वर ठेवून उचला, सुपात धान्य घ्यावे तसे. अंगठ्यालाही आधार देणारा मनगटाचा पट्टा तीन-चार आठवडे वापरा. मगाशी पट्टा सोडा म्हटले ते कमरेचे, इथे थोड्या काळापुरता पट्टा उपयोगी पडतो. कार्डशीट कापणे, ओले कपडे पिळणे आणि कणीक मळणे ही कामे तेवढे दिवस घरातल्या इतरांनी करावीत. घरात पुरुषही असतातच. आराम न पडल्यास त्या जागी इंजेक्शन देतात आणि बहुतेकांना त्याने बरे वाटते, मात्र बाळ अंगावर पीत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर तो मनगटातली नस दाबली जाण्याचा निराळा प्रकार आहे.

प्रश्न : मी कराडजवळील एका शिशुशाळेचे व्यवस्थापन पाहतो. आमच्या सहापैकी चार शिक्षिकांना पाठीचा त्रास आहे. महागडे फर्निचर परवडणार नाही. काय करता येईल? (एक संस्थाचालक, सातारा जिल्हा)

उत्तर : हा प्रश्न एका संस्थाचालकाने विचारला, याचेच मला आधी बरे वाटले.

फर्निचरपेक्षा वेळापत्रकापासून सुरुवात करा. मुले येण्याची आणि सुटण्याची पंधरा-पंधरा मिनिटे सर्वांत जड असतात, म्हणून त्या वेळी दोन मदतनीस वर्गाच्या दारात असाव्यात, कार्यालयात नव्हे. दाराशी एक लांब लाकडी बाक ठेवा. मुले त्यावर बसली की त्यांचे पाय शिक्षिकेच्या हाताशी येतात आणि तिला जमिनीपर्यंत वाकावे लागत नाही. हात धुण्याच्या जागी आणि स्वच्छतागृहात दोन पायऱ्यांचा मजबूत, न घसरणारा ठोकळा करून घ्या. गावातला सुतार तो दिवसभरात बनवून देईल आणि मूल स्वतः चढले की उचलण्याचा प्रश्नच मिटतो. पालकांना गणवेशासोबत नाडीऐवजी इलॅस्टिकच्या चड्ड्या आणि मुलाला स्वतः घालता येतील अशा चपला द्यायला सांगा. याला मी काटकसर म्हणणार नाही, हे बालशिक्षणच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात जे काम उभे केले, त्यात मुलांनी आपली कामे आपण करण्याला किती महत्त्व होते, हे तुमच्या शिक्षिकांनी प्रशिक्षणात वाचलेले असणारच.

रोज लागणारे जड साहित्य, ठोकळ्यांच्या पेट्या वगैरे, कमरेच्या उंचीच्या फळीवर हलवा. तळाशी आणि माथ्यावर वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू राहू द्या. प्रत्येक वर्गात मोठ्या माणसाच्या मापाची एक खुर्ची आणि एक बुटके, चाके असलेले स्टूल असावे. जर्मनीत बालवाड्यांतील शिक्षिकांच्या अंगावर मोजमापाची साधने लावून एक प्रकल्प झाला होता. त्यातही मोठ्यांच्या मापाचे फर्निचर आणि अशी बुटकी बैठक दिल्यावर वाकण्याचा आणि गुडघे टेकण्याचा वेळ कमी झालेला दिसला. सहा स्टुले एकदम घेणे जमत नसेल तर दोन घ्या आणि ती कोणत्या वर्गाला हवीत ते शिक्षिकांनाच ठरवू द्या. खोलीतली अडचण त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते.

प्रश्न : स्नेहसंमेलनाच्या सजावटीनंतर माझा डावा खांदा धरला. हात वर जात नाही, केस विंचरता येत नाहीत. वय ५२, मधुमेह आहे. मालिश करावी का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : मालिश नको, आधी तपासणी करा. दोन दिवस शिडीवर उभे राहून पताका लावल्याने खांद्याच्या रज्जूंना सूज येऊ शकते, पण मधुमेह असलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांमध्ये सांधा आखडण्याचा आजार बराच आढळतो आणि सजावट हे त्याचे केवळ निमित्त ठरलेले असू शकते. कोपर कुशीला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला वळवून पाहा. उजव्याच्या तुलनेत डावा फारच कमी वळत असेल, किंवा दुसऱ्याने वळवूनही तो पुढे जात नसेल, तर सांधा आखडला असण्याची शक्यता अधिक आहे. तो सुटायला महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षेही. हात झोळीत अडकवून ठेवू नका. टेबलावर उजवा हात टेकून पुढे झुका आणि डावा हात लंबकासारखा सैल सोडून दिवसातून तीन वेळा दोन-दोन मिनिटे हलवा. साखरेची तपासणी याच आठवड्यात करून घ्या आणि खांद्यात इंजेक्शन घ्यायचे ठरले तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, हे लक्षात ठेवून ती रोज मोजा.